गिटार घेताय? सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा

दहावी-बारावीच्या परीक्षा संपत आल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो : पहिली इलेक्ट्रिक गिटार कोणती घ्यावी? पुण्यात मी गिटार शिकवते आणि दुरुस्तही करते. दुकानातून घरी गेलेल्या गिटारचं पुढे काय होतं, ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. खालची उत्तरं त्यातूनच आलेली आहेत. किमती ढोबळ सांगितल्या आहेत. त्या सतत वरखाली होतात, तेव्हा घ्यायच्या दिवशी दोन दुकानांत विचारूनच पैसे द्या.

प्रश्न : मुलाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली. त्याला इलेक्ट्रिक गिटारच हवी आहे. ओळखीचे गिटार शिकवणारे सर म्हणतात, आधी दोन वर्षं साधी गिटार वाजवू दे, बोटं तयार होऊ देत. दुकानदार साडेनऊ हजारांत गिटार, अ‍ॅम्प, पिशवी, पट्टा असा सगळा संच देतो म्हणाला. आम्ही सगळं मिळून पंचवीस हजारांपर्यंत जाऊ शकतो, पण दोन महिन्यांत नाद उतरला तर पैसे पाण्यात जायचे. काय करावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : सरांच्या अनुभवाचा मान राखून सांगते, मला हे पटत नाही. साधी म्हणजे अकुस्टिक गिटार ही काही इलेक्ट्रिकच्या आधीची इयत्ता नाही. अकुस्टिकला सहसा 12-53 किंवा 11-52 च्या तारा असतात. 12-53 म्हणजे सगळ्यांत बारीक तार 0.012 इंच जाडीची आणि सगळ्यांत जाड 0.053 इंचाची. इलेक्ट्रिकवर बहुतेक वेळा 9-42 चा सेट चढवलेला असतो. तारा बारीक, म्हणून ताण कमी आणि बोटाला लागणारा जोरही कमी. बोटं तयार व्हावीत म्हणून पोराला आधी जास्त अवघड वाद्यावर बसवायचं आणि त्याला जे वाजवायचं आहे ते दोन वर्षं लांब ठेवायचं, यात मुलं गिटारच सोडून देतात. त्याच्या कानात जो आवाज बसला आहे, त्याच्या जवळपासचं काहीतरी पहिल्या महिन्यात त्याच्या हातून निघायला हवं. इलेक्ट्रिकच घ्या.

साडेनऊ हजारांचा संच मात्र नको. त्यात अ‍ॅम्प, पिशवी, पट्टा, केबल, पिक सगळं बसवायचं, तर गिटारच्या वाट्याला किती उरले असतील ते तुम्हीच बघा. अशा संचातला अ‍ॅम्प तर फारच कच्चा असतो. डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारं बटण दाबलं की कुठला सूर वाजला ते कळत नाही, नुसती खरखर ऐकू येते. नावाजलेल्या कंपन्यांचेही संच येतात, ते निराळे आणि बरे असतात, पण ते या पैशांत बसत नाहीत.

पंचवीस हजार ही शिकाऊ मुलासाठी चांगली रक्कम आहे. त्यातले सोळा-सतरा गिटारला ठेवा. या पट्ट्यात यामाहाची पॅसिफिका 012, आयबानेझच्या जिओ मालिकेतली जीआरएक्स 40 आणि कॉर्टची एक्स 100 अशा गिटार बघायच्या. फेंडरच्या स्क्वायर ब्रँडची सॉनिक मालिका थोडी वर जाईल, पण सवलतीत मिळाली तर जरूर विचार करा. डोळे झाकून एकच नाव सांगा म्हणालात, तर पॅसिफिका 012. तिला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे भाग, दोन प्रकारचे असतात : ब्रिजजवळ, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, दोन कॉइलचा एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल. त्यामुळे जाड रॉकचा आवाजही निघतो आणि स्वच्छ, टणक आवाजही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची आवड दर सहा महिन्यांनी बदलते, ती सगळी या एका गिटारमध्ये मावते. मुलाला सोबत न्या आणि दोन-तीन हातात धरू द्या. नेकची, म्हणजे बोटं फिरतात त्या दांड्याची जाडी हाताला रुचली नाही, तर बाकीचं सगळं चांगलं असून उपयोग नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात क्वचितच कुणी सांगतं. कारखान्यातून आलेली स्वस्त गिटार बनवलेली नीट असते, पण ती लावलेली नसते. ती लावून घ्यावी लागते, यालाच सेटअप म्हणतात. हजार-दीड हजार रुपयांचं हे काम करून घेतलं, तर पंधरा हजारांची गिटार तीस हजारांच्या न लावलेल्या गिटारपेक्षा चांगली वाजते. हे मी रोज पाहते.

नटचंच घ्या. नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे एक छोटी पांढरी पट्टी असते आणि तिच्या सहा खाचांतून तारा जातात. हा नट. स्वस्त गिटारमध्ये या खाचा सहसा उथळच ठेवलेल्या असतात. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीला लागून खणखणते आणि गिटार दुकानात परत येते. उथळ राहिली तर कुणी तक्रार करत नाही, शिकणारा आपल्याच बोटांना दोष देतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एफ नावाची कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचा सुरांचा समूह येतो. तिच्यात पहिली बोटभर जागा, म्हणजे पहिला फ्रेट, तर्जनी आडवी ठेवून सहाही तारांवर दाबायचा असतो. नट उंच असेल तर नेमका इथेच सगळ्यांत जास्त जोर लागतो. कितीतरी मुलांनी गिटार सोडली ती या एफपाशी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गिटारचा नट एक मिलिमीटरच्या काही भागाने उंच होता, इतकंच.

हे तुम्हाला घरीही तपासता येईल. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम केसाएवढी फट दिसायला हवी. तिथून वहीच्या कागदाची घडी सरकत असेल, तर नट घासून घ्यायला हवा. तो घरी घासू नका. कानस एकदा जास्त फिरली की नवा नट बसवण्यावाचून इलाज राहत नाही. त्यानंतर नेकचा बाक. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, साधारण पाव मिलिमीटर हवी. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारांची उंची. जाड तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दीड. नवशिक्याला एवढी पुरते.

मी मूळची मिरजेची. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवरून कानस फिरवणारे, तारेखाली सुताचा धागा पुढेमागे सरकवून कान देणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिले आहेत. तंबोऱ्यात तार घोडीला हलकेच घासून जो झंकार उठतो तो हवा असतो, गिटारमध्ये तोच काढून टाकायचा असतो. पण दोन्हीकडे सगळा खेळ केसाएवढ्या उंचीचा आहे, आणि मशीनवरून उतरलेल्या वाद्यालाही तो शेवटी कुणीतरी हातानेच साधून द्यावा लागतो. म्हणून सेटअपचे पैसे आधी बाजूला काढा, गिटार घेऊन उरले तर असं नको.

दुकानात गेल्यावर काय करायचं तेही सांगते. आधी नेकच्या कडेवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं हाताला टोचत असतील तर ती गिटार ठेवून द्या, दुसरी मागा. मग मुलाला प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट एकदा वाजवायला सांगा. वेळ लागला तर लागू दे, दुकानदार थांबेल. एखाद्या ठिकाणी सूर उमटतच नसेल किंवा पुढच्या फ्रेटचाच सूर निघत असेल, तर पुढचा फ्रेट उचललेला असतो. नंतर अ‍ॅम्पला जोडून सगळी बटणं फिरवा आणि पिकअपचा स्विच प्रत्येक खाचेत थांबवून ऐका. केबलचं टोक हलवलं की आवाज तुटत असेल, तर जॅक सैल आहे. हे छोटं काम आहे, दुकानातच करून मागा. रंगाच्या बाबतीत मुलाचं ऐका. आवडलेल्या रंगाची गिटार भिंतीवर टांगून राहत नाही.

बाकीचा हिशेब असा : दहा वॅटचा साधा प्रॅक्टिस अ‍ॅम्प सहा हजारांच्या आसपास, सेटअप दीड हजार, उरलेल्यात केबल, पट्टा आणि तारांचा एक जादा सेट. ट्यूनर मोबाइलवर फुकट मिळतो. दहा वॅट कमी वाटतील, पण दिवाणखान्यात अर्ध्यावर गेलात तरी शेजारी बेल वाजवतील. आणि नाद उतरण्याची भीती : यामाहा, आयबानेझ, स्क्वायर या नावांच्या जुन्या गिटारला गिऱ्हाईक मिळतं. संचातल्या बिननावाच्या गिटारला मिळत नाही. पैसे बुडण्याचा धोका स्वस्तातच जास्त आहे.

प्रश्न : ताई, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. माझ्याकडे बारा हजार आहेत, त्यातले बरेचसे शिकवण्या घेऊन साठवलेत. अ‍ॅम्प लावला तर रेक्टर खोली सोडायला लावतील. घरी होम थिएटर आहे, सुट्टीत त्याला गिटार जोडता येईल का? आणि सेकंड हँड घेऊ का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : स्वतःच्या कमाईतून गिटार घेतोयस, याचा मला फार आनंद झाला. तुझे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेकंड हँड घे. बारा हजारांत नवी घेतलीस तर साधीच मिळेल, पण आठ हजारांत कुणाची तरी दोन वर्षं कोपऱ्यात उभी राहिलेली पॅसिफिका किंवा जिओ मिळू शकते. अशा गिटार बऱ्याचदा न वाजवताच विकायला निघतात. पण बघितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, विकणारा कितीही घाई करू दे. भेटायला जाताना शक्यतो वाजवणारा मित्र सोबत ने. नेक डोळ्यासमोर आडवी धरून टोकापासून बघ. हलका बाक चालतो, तो ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या सळईने काढता येतो. पिळा पडला असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल, तर तिला हात लावू नकोस, ती गिटार फुकट मिळाली तरी महागच. ट्रस रॉड फिरतो का तेही विकणाऱ्याला फिरवून दाखवायला सांग. चावी पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, एवढं पुरे. ज्या गिटारचं डोकं मागे कललेलं असतं, गिब्सनच्या लेस पॉलसारखं, तिच्या नटच्या मागच्या बाजूला नख फिरवून बघ. पडली असेल तर चीर तिथेच जाते आणि वरून रंग मारून लपवलेली असते. फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का, तेही बघ. पहिल्या तीन फ्रेटवर थोडेसे असतील तर चालतील.

होम थिएटरचा विचार सोड. कारण तुला लगेच कळेल. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या पिकअपला ते सुमारे आठ हजार असतात. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज निर्माण होते. फॅरडेचा नियम तुझ्या हाताखाली वाजतोय. पण या स्रोताचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा जास्त असतो आणि त्याला पुढे साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. होम थिएटरच्या ऑक्स इनपुटचा आकडा त्याच्या आसपासही नसतो. तिथे जोडलीस की वरचे सूर गळून पडतात आणि आवाज क्षीण, दबलेला येतो. गिटार बिघडली असं वाटत राहतं.

तुझ्यासाठी हेडफोन अ‍ॅम्प बरा. व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग आहे, तो थेट गिटारच्या जॅकमध्ये बसतो, दोन ट्रिपल ए सेलवर चालतो आणि त्याला हेडफोन लावायचा. खोलीत कुणाला पत्ताही लागत नाही. चारेक हजारांची सोय ठेव. गिटारचा आवाज फोनमध्ये नेणारा इंटरफेस मोबाइलला जोडून अ‍ॅप वापरायचा पर्यायही आहे. पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तार छेडल्यापासून आवाज कानात यायला जरा उशीर होतो, आणि नवशिक्याचा ताल त्यानेच बिघडतो. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथचा अजिबात नको, तिथेही उशिराचीच अडचण आहे. आणि सांगली-मिरजेत एवढे तंतुवाद्यांचे कारागीर आहेत. सेटअपसाठी मुंबई-पुणे गाठण्याआधी तिथे गिटारचं काम करणारं कोण आहे, ते विचारून बघ.

प्रश्न : मुलीची गिटार अ‍ॅम्पला लावली की सतत गुणगुण येते, तारांना हात लावला की कमी होते. कधीकधी अ‍ॅम्पच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. गिटार बदलून मागावी का?
– एक पालक, चंद्रपूर

उत्तर : झिणझिण्या येत असतील तर हे पत्र वाचून होताच अ‍ॅम्पचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो लावू नका. हा गिटारचा दोष नाही, घरातल्या अर्थिंगचा किंवा अ‍ॅम्पचा आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला आणि तिथून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पच्या पत्र्यावर उतरलेली वीज मुलीच्या बोटांपर्यंत यायला सरळ वाट आहे. सॉकेटचं अर्थिंग मीटरने तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून किंवा दोन पिनांचा जोड लावून अ‍ॅम्प चालवत असाल, तर ते आजपासून बंद. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवू देऊ नका.

नुसती गुणगुण मात्र घाबरण्यासारखी नाही. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतोच, ट्यूबलाइटचा जुना चोक आणि पंख्याचा रेग्युलेटर जवळ असेल तर जास्तच. हात लावल्यावर ती कमी होते, म्हणजे गिटारची आतली जोडणी बरोबर आहे. हात लावून काहीच फरक पडत नसता तर ब्रिजची अर्थची वायर सुटली असं म्हटलं असतं. यावर उपाय म्हणूनच हंबकर आला. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास तो तयार केला. दोन कॉइल, चुंबकाच्या ध्रुवांसकट, एकमेकींच्या उलट जोडल्या की तारांचा आवाज एकत्र येतो आणि गुणगुण एकमेकींत विरते. मुलीच्या गिटारला ब्रिजजवळ हंबकर असेल तर स्विच त्या बाजूला ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

प्रश्न : गिब्सन लेस पॉल ऑनलाइन पंधरा हजारांत दाखवतात. घेऊ का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर रस्ता, अहिल्यानगर

उत्तर : नको. ती गिब्सन नाही. लेस पॉलचा आकार आवडत असेल तर एपिफोन बघा, तो गिब्सनचाच परवडणारा ब्रँड आहे. खोट्या नावाची गिटार पुढे विकायला गेलात तर फसवल्याचा आळ तुमच्यावर येईल.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी डावरी आहे. डावखुरी गिटार आमच्या दुकानात नाही. उजव्या हाताच्या गिटारच्या तारा उलट लावून मिळतील म्हणतात. आणि तिच्या हाताला मोठी गिटार पेलेल का?
– एक बाबा, सोलापूर

उत्तर : तारा उलट लावून घेऊ नका. नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार जाड खाचेत हलत राहते. ब्रिजवरची सूर जुळवण्याची जागाही उलटी होते आणि बटणं मनगटाखाली येतात.

आधी एक बघा. तिच्या हातात झाडू किंवा बॅट द्या आणि गिटार वाजवल्यासारखं कर म्हणा. काही न सांगता ती पट्कन उजव्या हाताने छेडायला लागली, तर सरळ उजव्या हाताची गिटार द्या. गिटारवर दोन्ही हातांना नवीनच काम असतं, आणि मार्क नॉफलर डावरे असून उजव्या हाताची गिटार वाजवतात. पण ती हट्टाने डावीकडेच छेडत असेल, तर डावखुरी मागवा. थोडी थांबायला लागली तरी चालेल. तिला रोज कुणी हात बदल म्हणू नये.

आकाराचं म्हणाल, तर स्क्वायरच्या मिनी स्ट्रॅटची लांबी नटपासून ब्रिजपर्यंत 22.75 इंच असते आणि आयबानेझच्या मिक्रो मालिकेची 22.2 इंच. मोठ्या स्ट्रॅटोकास्टरची 25.5 असते. नऊ वर्षांच्या हाताला हा फरक खूप मोठा आहे. या छोट्या गिटार खेळणी नाहीत, अ‍ॅम्पला जोडून खऱ्याच वाजतात, आणि ती तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत सहज पुरतील.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. चाळीसेक वर्षं हार्मोनियम वाजवतो, भजनी मंडळात साथ करतो. आता इलेक्ट्रिक गिटार शिकावी असं मनात आहे. अभंग आणि नाट्यपदं तिच्यावर वाजतील का? बोटं थोडी आखडतात. इथल्या पावसाळ्यात गिटार टिकेल का? घरातले हसतात, पण मला खरंच शिकायचं आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, नक्की शिका. तुमचा सूर तयार आहे, तालाचा हात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला जे मिळवायला वर्षं लागतात ते तुमच्याकडे आधीच आहे. आणि पेटीवर जे कधीच करता आलं नाही, ते इथे करता येईल : मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. यू. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवलं, ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर तारेवरून कांडी सरकवत राग मांडले. विजेचं वाद्य आपल्या संगीताला परकं राहिलेलं नाही.

बोटांसाठी इलेक्ट्रिकच योग्य. 9-42 च्या तारा लावा. लेस पॉल पद्धतीच्या गिटारची लांबी 24.75 इंच असते, त्यामुळे त्याच सुराला तारांवर ताण जरा कमी येतो आणि फ्रेटमधलं अंतरही कमी असतं. एपिफोनची साधी लेस पॉल किंवा दोन हंबकर असलेली दुसरी कुठलीही गिटार बघा. फ्लॉइड रोझ पद्धतीचा, हलणारा, कुलूपबंद ब्रिज असलेली घेऊ नका. तिच्या तारा बदलायलाच अर्धी सकाळ जाते. अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन बंद, पिकअप नेकजवळचा, टोनचं बटण अर्ध्यावर. आवाज गोल आणि भरीव येईल, अभंगाला शोभेल असा. सेटअप करणाऱ्याला स्वच्छ सांगा की तारा बोटाला हलक्या लागल्या पाहिजेत. सुरुवातीला दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बसा. एका दमात तासभर बसण्यापेक्षा ते बोटांना मानवतं.

पावसाळ्याचं असं आहे. रत्नागिरीच्या हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून कोरड्या सुती फडक्याने पुसा. गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टांगू नका. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. दमट हवेत लाकूड फुगतं, नेकचा बाक बदलतो, तारांची उंची वर-खाली होते. गिटार खराब झाली असं समजू नका. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की एकदा नेक तपासून घ्या, म्हणजे वर्ष निघतं.

मोकळ्या तारा तुमच्या भाषेत, पेटीच्या पट्ट्यांत सांगते. जाडीकडून बारीककडे : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरची पुढची पट्टी, काळी-पांढरी सगळ्या धरून. तुम्ही काळी एकमध्ये साथ करत असाल, तर पांढरी सहाच्या तारेवर चौथ्या फ्रेटला तुमचा सा आहे.

सुरुवात बारीककडून तिसऱ्या, पांढरी पाचच्या तारेवर करा. ती मोकळी तार सा धरा. दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, सातव्यावर प, नवव्यावर ध आणि बाराव्यावर वरचा सा. भूप राग एका तारेवर उभा राहिला. पहिले पंधरा दिवस एवढंच, संथ, पेटीवर पांढरी पाच धरून. नंतर सातव्या फ्रेटवरचा प दाबा, छेडा आणि बोट न उचलता तार वरच्या बाजूला ढकलत न्या, ध येईपर्यंत. मागच्या दोन बोटांचा आधार दिलात तर जोर एकाच बोटावर पडणार नाही. पहिल्या दिवशी ध कमी पडेल किंवा पुढे जाईल. पेटीवर खरा ध वाजवून त्याच्याशी जुळवा आणि जुळला की तिथे थांबून राहा. मग तार हळूहळू सोडत प वर परत या.